सुलक्षणाताईचा धंद्याचा वर्ग

सुलक्षणाला गप्प बसवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. नवऱ्यानं प्रयत्न केला, सासूनं केला, शेवटी दोघांनीही नाद सोडला. ती चालता चालता बोलते, बोलता बोलता रोपांच्या ट्रेला पाणी देते, आणि पाणी देता देता फोनवर कुणाला तरी मिरचीवर फवारणी कधी करायची ते सांगत असते. आवाज असा, की नर्सरीत बोलली तर पुलापर्यंत ऐकू जावं. गाव शिरूर तालुक्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, पूल ओलांडला की दौंड तालुका. तिला ओळखत नाही असा टोमॅटोवाला दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही.

माहेर दौंडचं. आई धुरपदाबाई स्टेशनाबाहेर फुलं विकायची, अजूनही विकते. शाळा सुटली की सुलक्षणा तिच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसायची आणि गाडी आली की शेवंतीच्या वेण्या हातावर घेऊन हाळी घालायची. आवाज तिथलाच. लग्न होऊन या गावात माळ्याच्या घरी आली तेव्हा तिनं बघितलं, की लोक रोपं आणायला कुठल्या कुठं जातात आणि घरी येईस्तोवर निम्मी रोपं माना टाकतात. तिनं परसात चार बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली आणि स्वतः रोपं लावली. पहिल्या साली मर रोग लागून सगळी आडवी झाली. सासरा म्हणाला, झालं समाधान? ती म्हणाली, कुठलं व्हायला! आज त्या परसाची अर्धा एकर नर्सरी झालीय, आणि तोच सासरा दारात खुर्ची टाकून बसतो आणि आल्या-गेल्याला 'आमची नर्सरी' म्हणून सांगतो.

तर अशी ही बाई एकदा गावच्या हायस्कुलात झाडं लावायला रोपं घेऊन गेली. खड्डे खणायला दहावीची पोरं होती. गप्प बसेल तर ती सुलक्षणा कसली. तिनं एकेकाला विचारलं, पुढं काय करणार? निम्मी पोरं म्हणाली पोलीस भरती. काही म्हणाली कंपनी, म्हणजे रांजणगावची एमआयडीसी. उरलेली म्हणाली, "बघू." पोरींनी तर तेवढंही धड सांगितलं नाही, नुसत्या एकमेकींकडं बघून हसल्या. त्या 'बघू'नं सुलक्षणाच्या डोक्यात तिडीक गेली. दोन नद्यांच्या मधली काळी जमीन, पलीकडं यवतच्या अंगाला गुऱ्हाळं, इकडं घोडनदीची, म्हणजे शिरूर गावची, बाजारपेठ, रोज कंपनीच्या बसा भरून माणसं जातायत-येतायत, आणि ही पोरं म्हणतायत बघू. काय बघू? कवा बघू?

ती तशीच मातीच्या हातानं हेडमास्तरांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, शाळा सुटल्यावर मला एक खोली द्या, मी पोरांना धंदा शिकवते. हेडमास्तर भला माणूस. त्यांना कल्पना आवडली, फक्त 'धंदा' हा शब्द फळ्यावर नको म्हणाले, आणि आपल्या सुबक अक्षरात त्यांनी 'उद्योजकता कार्यशाळा' असं लिहिलं. पोरांनी पहिल्या दिवसापासून त्याला धंद्याचा वर्गच म्हटलं. पण खोली देणं हेडमास्तरांच्या हातात नव्हतं. ते जयसिंग आबांच्या हातात होतं.

जयसिंग आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. उसाचे मोठे बागायतदार, विकास सोसायटीत त्यांचा शब्द, गावात त्यांचा शब्द, घरात तर काय विचारूच नका. माणूस वाईट नव्हे बरं का. शाळेच्या निम्म्या खोल्या त्यांनीच पाठपुरावा करून बांधून घेतल्या. पण बाजारात मांडी घालून बसणं म्हणजे हलकं काम, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आबांनी सुलक्षणाचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले की शाळा ही शिकायला असते, विकायचं काय, ते कुणालाही जमतं. तरी पण त्यांनी तोडून टाकलं नाही. दिवाळीपर्यंत खोली वापरा म्हणाले. तोवर पोरांनी स्वतः काहीतरी बनवून गावच्या बुधवारच्या बाजारात धंदा करून दाखवायचा. जमलं तर वर्ग दरवर्षी चालेल. नाही जमलं तर खोलीला कुलूप, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

सुलक्षणा हो म्हणून बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. ती खोली तिला नर्सरीहून जास्त हवी होती. नर्सरी तिनं पोटासाठी काढली होती, ही खोली तिला का हवी होती ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की ती बंद झाली तर पोरं पुन्हा 'बघू' म्हणणार, आणि ते तिला आता ऐकवणार नव्हतं.

वर्गात नाव घालणारी पहिली पोरगी कोण असेल? आबांची नात, राजनंदिनी. दहावीत शिकणारी, बोलायला मऊ, घरात कुणालाही न विचारता आली आणि पहिल्या बाकावर बसली. तिच्या मागं हृतिक, नववीचा, फूलमळेवाल्यांचा, एक नंबरचा चौकस. मग सत्यजीत, सोनम आणि आणखी पाच-सात जणं. सुलक्षणानं पहिल्याच दिवशी वह्या मिटायला लावल्या आणि सगळ्यांना मैदानावर नेऊन हाळी घालायला लावली. काहीही विका, पण ओरडा. पोरांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कबड्डीत गाव डोक्यावर घेणारा सत्यजीत, त्याच्या तोंडून "भाजी घ्या भाजी" एवढं निघेना. तेव्हा सुलक्षणानं पदर खोचला आणि अशी खणखणीत हाळी घातली, की रस्त्यानं जाणारा एक म्हातारा खरंच सायकल थांबवून कुठंय भाजी म्हणून बघायला लागला. पोरं हसून हसून लोळली आणि मग एकेकाचा गळा मोकळा झाला.

काय विकायचं ते पोरांनीच शोधलं. सुलक्षणानं त्यांना सकाळी चौकात उभं केलं आणि नुसतं बघायला सांगितलं. राजनंदिनीच्या लक्षात आलं, की कंपनीच्या बसमध्ये चढणारी माणसं, त्यात बिहारची-युपीची पोरंही आली, उपाशीपोटी चढतात आणि पहिल्या सुट्टीत टपरीवरचा वडापाव खातात. त्यांना खिशात मावेल, चार तास टिकेल आणि पोटाला आधार देईल असं काहीतरी पाहिजे. हृतिक म्हणाला, दाण्याचा लाडू. झालं. यवतकडच्या गुऱ्हाळातून ताजा गूळ आला, शेंगदाणे ज्याच्या त्याच्या घरचे, सोनमच्या आजीनं तीळ भाजायला शिकवलं. पहिला घाणा दगडासारखा झाला, दुसरा हातातच फुटला. तिसऱ्याला सुलक्षणानं डोळे मिटून एक लाडू खाल्ला, मग लगेच दुसरा उचलला, आणि पोरांनी आरोळी ठोकली. नाव काय द्यायचं यावर दोन दिवस भांडणं झाली. शेवटी 'जोर' ठरलं. दोन लाडवांचं पाकीट, वीस रुपये. घोडनदीहून कागदी पाकिटं आणली, राजनंदिनीनं त्यावर लाल अक्षरात जोर लिहिलं. सुलक्षणाला झोप येईना. अंथरुणात पडल्या पडल्या नवऱ्याला म्हणायची, अहो, पोरांच्या अंगात वारं शिरलंय वारं. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगातलंच शिरलं असंल.

आणि तो बुधवार उजाडला. बाजारात वडाखाली टेबल मांडलं, वर चादर, चादरीवर पाकिटांचे ढीग. सुलक्षणानं नर्सरीतलं पैशाचं बोलकं यंत्र आणून ठेवलं. तेच ते, कुणी मोबाइलवरून पैसे टाकले की "बीस रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडतं. मग पोरांना मोकळीक मिळावी म्हणून ती मुद्दाम लांब, भांड्यांच्या दुकानाजवळ जाऊन उभी राहिली. तिथून तिला गर्दी दिसत होती. आणि गर्दी म्हणजे काय गर्दी! सगळा गाव लोटला होता. पाकिटांचे ढीग बघता बघता उतरत होते, पोरांचे चेहरे फुलले होते. सुलक्षणाला उभ्या उभ्या नाचावंसं वाटत होतं. एकच गोष्ट तिला खटकली, यंत्र काही बोलत नव्हतं. तिला वाटलं, मेल्याची बॅटरी उतरली असणार.

माल संपला तेव्हा ती धावत गेली. पोरांनी तिला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. तिनं गल्ल्याचा डबा उघडला. आत दोन-तीन नोटा पडलेल्या. बाकी डबा रिकामा. तिला वाटलं चोरी झाली. विचारलं, तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मग हळूहळू उलगडा झाला. पहिलं पाकीट घ्यायला आला तो सत्यजीतचा मामा. आता मामाकडून पैसे कसे घ्यायचे? मामानं नोट काढली होती, सत्यजीतनं ती परत त्याच्या खिशात कोंबली. मग सोनमची आत्या आली. मग हृतिकचा चुलता, मग त्या चुलत्याचा साडू, मग भावकी, मग भावकीचे पाहुणे. गावच आपलं, परकं कोण आहे? सगळ्यांना "असू द्या, असू द्या" करत पोरांनी आग्रहानं हातात पाकिटं कोंबली. गल्ल्यात पडलेल्या नोटा कंपनीच्या दोन बिहारी पोरांच्या होत्या. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? मामा उभा राहिला म्हणून सत्यजीतनं त्याला गल्ल्यातून चहा पाजला होता.

सुलक्षणानं कपाळावर हात मारून घेतला. रागवायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आबा समोर. त्यांच्या हातात लाडवाचं पाकीट होतं. राजनंदिनीनं ते त्यांना वाकून नमस्कार करून दिलं होतं. आबा चढ्या आवाजात बोलले नाहीत, ते कधीच बोलत नाहीत. म्हणाले, लाडू झकास झालेत, पण ह्याला धंदा म्हणत न्हाईत बाई, ह्याला गावजेवण म्हणत्यात. आणि निघून गेले. राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलक्षणाच्याही आलं, पण ती तोंड फिरवून टेबल आवरायला लागली.

पोरांनीच दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. जिथं आपल्याला कुणीच ओळखत नाही तिथं जाऊ, दौंडला जाऊ. आईबापांच्या परवानग्या घेऊन, रविवारी नर्सरीच्या टेम्पोत लाडवांचे डबे आणि पोरं घालून सुलक्षणा दौंडला निघाली. स्टेशनाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पुण्याची डेमू गाडी आली, माणसांचा लोंढा बाहेर पडला आणि सत्यजीतनं अशी काही हाळी घातली की सुलक्षणाच्या अंगावर काटा आला. नाव घेऊन ओरडत होती पोरं, जोर घ्या जोर! रेल्वेची माणसं, कॉलेजची पोरं, लग्नाला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड. यंत्राला उसंत नव्हती. बीस रुपये, चालीस रुपये, बीस रुपये. हृतिक तर प्रत्येक वेळी यंत्र बोललं की उडीच मारायचा.

माल संपल्यावर सुलक्षणा पोरींना घेऊन पलीकडं आईकडं गेली. धुरपदाबाई पोत्यावर बसून वेण्या करत होती. म्हातारी झालीय, पण हात तोच. सुलक्षणानं पोरींसाठी शेवंतीच्या चार वेण्या निवडल्या. धुरपदाबाईनं भाव सांगितला. सुलक्षणानं पर्स उघडून पैसे मोजून दिले, म्हातारीनं ते कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत टाकले. राजनंदिनी बघतच राहिली. तिला वाटलं मायलेकींचं भांडण आहे.

तिला राहवेना. "आजी," तिनं विचारलं, "पोटच्या लेकीकडनं पैसं घेता?"

धुरपदाबाईनं सुईत दोरा ओवता ओवता तिच्याकडं बघितलं. "हितं ती गिऱ्हाईक हाय, बाळा. घरी चल, तिथं लेक हाय. हितं फुकट दिलं तर उद्या तिला हितं यायची लाज वाटंल आन् मला तिला बघायची भीती वाटंल. कशाला नातं नासवायचं?"

एवढं बोलून तिनं दुकान आवरलं आणि सगळ्या पोरांना गल्लीतल्या घरी नेऊन पिठलं-भाकरी, ठेचा आणि वर गूळ-तूप असं पोट फुटेस्तोवर जेवू घातलं. सुलक्षणाच्या ताटात तर इतकं वाढलं, की ती नको नको म्हणून ओरडायला लागली. राजनंदिनी जेवायचं सोडून कधी त्या ताटाकडं, कधी म्हातारीच्या कमरेच्या पिशवीकडं बघत होती. सुलक्षणाला वाटलं, पोरगी दमली असेल.

दौंडची बातमी गावात पोचायला टेम्पो पोचेपर्यंतही वेळ लागला नाही. सुलक्षणा मोठ्या उत्साहात आबांकडं गेली. आबा खुश झाले, खोटं कशाला बोला, पाठ थोपटली त्यांनी. पण बोली बदलली नाही. परक्या गावात काय, कुणीबी विकंल, ते म्हणाले. ठरलं होतं ते आपल्या गावचा बाजार. दिवाळीच्या आधी एकच बुधवार उरलाय.

त्या आठवड्यात वर्गात जी काही नाटकं झाली, ती बघायला खिडकीशी मास्तर लोक जमायचे. सुलक्षणा एकदा मामा व्हायची, एकदा मामी, एकदा पुण्याहून आलेली चुलती. समोर उभ्या पोरानं फक्त एकच करायचं, पाकीट द्यायचं आणि पैसे मागायचे. "काय रं, मामाला वळखलं न्हाई व्हय?" असं ती काळीज पिळवटून म्हणायची आणि सत्यजीत घामाघूम होऊन पाकीट तिच्या हातात कोंबून पळायचा. परत ये, परत माग. हृतिकनं एक शोध लावला. पैसे मागायच्या आधी घरचं आमंत्रण द्यायचं. मामा, रातच्याला जेवायलाच या, आईला सांगून ठेवतो. ह्याचे वीस रुपये. असं म्हटलं की मागणाराही मोकळा आणि देणाराही मोकळा. सुलक्षणानं आनंदानं टाळी वाजवली. हे तिला स्वतःलासुद्धा सुचलं नव्हतं. मग सगळी पोरं एकमेकांना जेवायला बोलवत एकमेकांकडून पैसे घ्यायला लागली. फक्त राजनंदिनीला ते जमेना. तिच्यापुढं सुलक्षणा आबा होऊन उभी राहिली, नुसता हात पुढं केला, आणि पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या घरात आबांना कुणी काही मागत नसे. आबा म्हणतील ते व्हायचं, एवढंच तिला माहीत.

बुधवार आला. या वेळी सुलक्षणा लांब उभी राहिली नाही, टेबलाच्या मागंच थांबली, तोंडावर हात ठेवून. पहिला आला तोच सत्यजीतचा मामा. सत्यजीतनं जेवायचं आमंत्रण दिलं, आईची शपथ घातली, आणि मग डोळे मिटून वीस रुपये मागितले. मामा हसला आणि म्हणाला, मागल्या येळंला बी देतच होतो की, तूच घेतलं न्हाईस. नोट गल्ल्यात पडली. सुलक्षणानं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचा कांदेवाला दचकला. त्यानंतर मात्र खेळ सुरू झाला. आत्या आल्या, चुलते आले, साडू आले, सगळ्यांना जेवायची आमंत्रणं गेली आणि सगळ्यांचे पैसे आले. यंत्र घसा फाटेस्तोवर ओरडत होतं. सोनमच्या घरी त्या रात्री किती माणसं जेवायला जाणार, ते देवालाच ठाऊक.

आणि मग गर्दी आपोआप बाजूला झाली. आबा आले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. टेबलाशी येऊन थांबले आणि नेहमीसारखा हात पुढं केला. राजनंदिनीनं पाकीट उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. पाकीट सोडलं मात्र नाही.

"आबा," ती म्हणाली, "वीस रुपये."

आबांनी खिशाकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला. खिसा रिकामा होता. या गावात आबांना खिशात पैसा ठेवायची वेळ कैक वर्षांत आली नव्हती. चहावाला घेत नसे, न्हावी घेत नसे, वाणी घरी पोच करत असे. सुलक्षणाच्या तोंडात शब्द आला, असू द्या आबा, राहू द्या. अगदी ओठांवर आला. खोली गेली, वर्ग गेला, सगळं गेलं असं तिला एका क्षणात वाटलं. पण राजनंदिनी अजून पाकीट धरून उभी होती, आणि तिच्याकडं बघून सुलक्षणानं आयुष्यात पहिल्यांदा जीभ दातांखाली धरली.

राजनंदिनीनं हळूच पाकीट मागं घेतलं आणि चादरीवर वेगळं ठेवलं. म्हणाली, आबा, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते. आबा वळले आणि काठी टेकत घराच्या रस्त्याला लागले. लोक कुजबुजायला लागले. बाजारात आलेल्या हेडमास्तरांचं तोंड पांढरं पडलं. हृतिकनं हळूच विचारलं, ताई, संपलं का? राजनंदिनी तेवढी खाली मान घालून पुढच्या गिऱ्हाइकाला पाकीट देत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

घटकाभरानं आबा परत आले. गर्दी पुन्हा बाजूला व्हायला लागली, तर त्यांनी काठीनंच लोकांना जागच्या जागी थांबायची खूण केली आणि रांगेच्या शेवटी, कंपनीच्या गणवेशातल्या एका पोराच्या मागं जाऊन उभे राहिले. उन्हात उभे राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी शंभराची नोट टेबलावर ठेवली. राजनंदिनीनं बाजूला काढलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि सुट्टे शोधायला लागली.

"राहू दे," आबा म्हणाले. "उरल्यालं तुम्हा पोरांस्नी खाऊला."

आबांचा हात कायम देणारा, त्यांना दुसरं सुचणार काय? पोरांनी एकमेकांकडं बघितलं. ऐंशी रुपये म्हणजे चार पाकिटं. राजनंदिनीनं डबा चाळून नोटा मोजल्या आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरल्या.

"घ्या आबा. खाऊ घरी द्या. हितं नको."

आबा तिच्याकडं बघत राहिले. ही आपली तीच नात का, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत होतं. मग त्यांनी त्या नोटा घेतल्या, नीट घडी घातली, खिशात ठेवल्या. पाकीट तिथंच फोडलं आणि एक लाडू तोंडात टाकला. सगळा बाजार त्यांच्या जबड्याकडं बघत होता. लाडू पुरता खाऊन झाल्यावर ते सुलक्षणाकडं वळले.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या घरात मला न्हाई म्हणणारं कुणी नव्हतं. ना बायको, ना पोरं. आज पयल्यांदा कुणीतरी म्हणलं." त्यांनी उरलेला लाडू पाकिटासकट खिशात घातला. "चालू द्या तुमचा वर्ग."

आणि एवढं बोलून काठी टेकत निघाले. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कांदेवाला त्यात सामील झाला, सत्यजीतनं सोनमची ओढणी झेंड्यासारखी फिरवली. सुलक्षणाला केवढं तरी बोलायचं होतं, ओरडायचं होतं, पोरीला मिठी मारायची होती. पण रांग लांबली होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि राजनंदिनी मनगटानं डोळे पुसत विचारत होती, "बोला, किती पाकिटं?"